पांढरीत विरलेला रंग: पैठण–तेर रस्ता आणि रोमच्या भिंती

मोबाइलवर नकाशा उघडा. गोदावरीकाठच्या पैठणवर एक खूण करा आणि तेरणाकाठच्या तेरवर दुसरी. दोन्ही खुणांना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर तिचा मध्य बीड शहराच्या अगदी जवळ येतो. रेघेची लांबी साधारण दीडशे किलोमीटर. आज गेवराई, बीड, मांजरसुंबा करत हा प्रवास काही तासांत होतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात हाच टप्पा दहा दिवसांचा होता. हे आपल्याला कळतं ते ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या छोट्या पुस्तकामुळे. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण तो तांबड्या समुद्रातून भारताकडे होणाऱ्या व्यापाराचा जाणकार होता. तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं मोठं शहर आहे. पैठणहून मौल्यवान दगड येतात, तगरहून कापड येतं आणि हा सगळा माल गाड्यांतून, अवघड मुलखातून भडोचला पोचतो. वाटेची वळणं धरली तर रोज पंधरा-वीस किलोमीटर. भरलेली बैलगाडी एवढंच चालते.

तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. त्याआधी तगरासाठी बऱ्याच गावांची नावं पुढे केली गेली होती. तेरला पुढे उत्खननं झाली, बी. एन. चापेकर यांनी १९५८ मध्ये केलेल्या उत्खननाचा अहवालही प्रसिद्ध झाला. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आज तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. म्हणजे व्यापाराचा एक मोठा रस्ता आजच्या बीड जिल्ह्याच्या मुलखातून जात होता आणि त्याचं दुसरं टोक, भडोच आणि समुद्र ओलांडून, रोमन साम्राज्यात होतं.

इथून एक प्रश्न सुरू होतो. रस्त्याच्या त्या टोकाला असलेल्या गावांमधल्या घरांच्या भिंती आज आपल्याला रंगांसकट पाहता येतात. स्वयंपाकघराची भिंत कशी होती, दुकानाबाहेर काय रंगवलं होतं, हेही सांगता येतं. या टोकाच्या घरांची एकही रंगीत भिंत आपल्यापुढे नाही. तिथे रंग होता आणि इथे नव्हता, असं म्हणायचं का? की इथेही होता, पण उरला नाही? या दोन उत्तरांत फार अंतर आहे, आणि त्यातलं कोणतं खरं हे भावनेने ठरत नाही. त्यासाठी भिंतीचा गिलावा वाचावा लागतो.

चुना पुन्हा दगड होतो

रोमन भिंतीचं रहस्य रंगात कमी आणि चुन्यात जास्त आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी घातलं की तो उकळतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना वाळूत मळून भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे लावताना लोण्यासारखा असलेला गिलावा काही काळाने अक्षरशः दगड होतो. गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावला, तर दगड होण्याच्या या क्रियेत रंगाचे कण आत पकडले जातात. डिंक लागत नाही, सरस लागत नाही. यालाच फ्रेस्को म्हणतात.

ऑगस्टसच्या काळातला वास्तुकार व्हिट्रूव्हियस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात चांगल्या गिलाव्याची कृती देतो. आधी वाळूमिश्रित चुन्याचे तीन थर, मग संगमरवराच्या पुडीचे तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा बारीक. सहा थरांची भिंत तडकत नाही आणि घोटल्यावर आरशासारखी चमकते, असं त्याचं म्हणणं. पाँपेईतल्या भिंती तपासल्या तेव्हा मात्र बहुतेक ठिकाणी सहा थर सापडले नाहीत. दोन-तीन थरांवरच गवंड्यांनी भागवलं होतं. पुस्तकातली कृती आणि कामावरचा गवंडी यांच्यातलं हे अंतर आपल्याला नवीन नाही.

ओल्या गिलाव्यावर काम करायचं म्हणजे घाई आली. म्हणून रोमन चित्रकार भिंत वरून खाली रंगवत. वरचा पट्टा लिंपायचा, रंगवायचा, मग खालचा. दोन पट्ट्यांमधला सांधा आजही बारकाईने पाहिलं तर दिसतो. पाँपेईत एक घर आहे, त्याला ‘कामावरच्या चित्रकारांचं घर’ म्हणतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा तिथे काम चालू होतं. भिंतीचा वरचा भाग रंगवून झालेला, मधल्या चित्राच्या जागी नुसतं रेखाटन, आणि रंगांची भांडी तिथेच पडलेली. चित्र कसं केलं जायचं याचा याहून चांगला पुरावा कुठला मिळणार?

जर्मन अभ्यासक ऑगस्ट माऊ याने १८८२ मध्ये पाँपेईच्या भिंतींची चार शैलींत विभागणी केली. पहिल्या शैलीत गिलाव्यातच उठाव देऊन, रंगवून महागड्या संगमरवरी फरशांचा आभास तयार केलेला असतो. दुसरीत भिंतीवर खांब, कमानी, पलीकडचं आकाश रंगवून भिंतच नाहीशी केल्यासारखी वाटते. तिसरीत पुन्हा सपाट रंगाचे मोठे भाग आणि मध्ये छोटी नाजूक चित्रं. चौथीत या सगळ्यांची सरमिसळ. या विभागणीचा उपयोग असा, की नुसती भिंत पाहून तिचा अंदाजे काळ सांगता येतो. नाण्याशिवाय, शिलालेखाशिवाय.

तुकड्याची मागची बाजू

पाँपेई हा अपवाद आहे. राखेखाली दबल्यामुळे तिथल्या पुष्कळ भिंती उभ्या राहिल्या. बाकी साम्राज्यात भिंती पडल्या आणि उत्खननात हाती येतात ते गिलाव्याचे तुकडे, कधी नखाएवढे तर कधी तळहाताएवढे, आणि तेही हजारोंनी. पूर्वी असे तुकडे मातीबरोबर टाकून दिले जात. एखादा सुंदर चेहरा असला तरच तो ठेवला जाई.

हे बदललं ते लोकांनी तुकड्याची मागची बाजू पाहायला सुरुवात केल्यावर. पुढच्या बाजूला चित्र असतं, तर मागच्या बाजूला भिंत असते. मागे बोरूच्या किंवा वेताच्या काड्यांचे ठसे असतील तर तो गिलावा बहुधा छताचा, कारण छत काड्या बांधून त्यावर लिंपलं जाई. मागे आडव्या-तिरप्या खाचा असतील तर त्याखाली मातीची भिंत होती आणि चुना धरून राहावा म्हणून तिला खाचा पाडल्या होत्या. थर किती, प्रत्येक थरात वाळू कोणती, विटेची पूड आहे का, यावरून एका खोलीचे तुकडे दुसऱ्या खोलीच्या तुकड्यांपासून वेगळे काढता येतात. आपल्याकडे गवंडी अजून दोरी मारून रेघ पाडतात. रोमन गवंडीही तेच करत आणि ओल्या गिलाव्यात त्या दोरीचा पीळ उमटून राहिला आहे. दोन तुकड्यांवर एकच पीळ एकाच दिशेने दिसला, तर ते तुकडे एका ओळीतले.

म्हणून आता पडलेला गिलावा जसा पडला तसाच, जागेची नोंद करून उचलतात. तुकडे पाण्याखाली धरून घासत नाहीत, त्याने रंग निघून जातो. वाळूच्या तबकांत ते मांडून जोड शोधतात. इंग्लंडमधल्या व्हेरुलॅमियम इथे १९५० च्या दशकात पालथे पडलेले गिलाव्याचे मोठे भाग नॉर्मन डेव्ही यांनी उचलून पुन्हा उभे केले. आता या कामात यंत्रंही आली आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या एका युरोपीय प्रकल्पात पाँपेईतल्या फुटलेल्या चित्रांचे तुकडे संगणकाने ओळखून रोबोटच्या हाताने जोडायचे प्रयत्न झाले. हजारो तुकड्यांचं हे कोडं आहे, त्याच्या खोक्यावर चित्र नाही आणि निम्मे तुकडे हरवलेले आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर केंट परगण्यातल्या लुलिंगस्टोन या जागी मिळतं. तिथल्या रोमन घराचं उत्खनन १९४९ मध्ये सुरू झालं. वरच्या खोलीची भिंत कोसळून तिचे तुकडे खाली तळघरात पडले होते. ते जोडल्यावर हात पसरून प्रार्थना करणारी माणसं आणि ख्रिस्ताचं अक्षरचिन्ह दिसलं. चौथ्या शतकात ब्रिटनमधल्या एका खाजगी घरात ख्रिस्ती लोक प्रार्थनेला जमत होते, हे या तुकड्यांनी सांगितलं. तुकडे फेकले असते तर त्या कुटुंबाचा धर्मच इतिहासातून गेला असता.

रोमच्या भिंतीवरची नीळ

आता रस्ता पुन्हा आपल्याकडे वळवू. रोमन चित्रकाराच्या रंगांपैकी काही रंग स्वस्त होते: गेरू, पिवळी माती, काजळ, चुना. काही इतके महाग की चित्रकार ते स्वतः आणत नसे, घरमालकाने ते आणून द्यायचे असत. थोरला प्लिनी आपल्या ग्रंथात अशा महाग रंगांची यादी देतो. त्यात हिंगूळ आहे आणि ‘इंडिकम’ही आहे. इंडिकम म्हणजे भारतातून आलेली नीळ. पेरिप्लसमध्येही सिंधूच्या मुखाजवळच्या बंदरातून जाणाऱ्या मालात नीळ आहे.

प्लिनी आणखी एक कामाची गोष्ट नोंदवतो. काही रंगांना ओला चुना सोसत नाही, ते कोरड्या भिंतीवरच लावावे लागतात. या यादीत नीळ आहे, हरताळ आहे, सफेदाही आहे. म्हणजे रोमन भिंतही निव्वळ फ्रेस्को नव्हती. जिथे हे रंग हवेत तिथे चित्रकाराला कोरड्यावर, चिकट माध्यम घालून काम करावं लागे. त्या ठिकाणचे रंग आधी झडतात. एखाद्या तुकड्यावर निळा भाग पुसट आणि लाल भाग ठसठशीत दिसला, तर त्याचं कारण बऱ्याचदा इतकं साधं असतं.

हिंगुळाचीही एक गोष्ट व्हिट्रूव्हियस सांगतो. फाबेरियस नावाच्या एका लेखनिकाने हौसेने घराच्या अंगणाभोवतीच्या भिंती हिंगुळाने रंगवल्या. ऊन आणि चांदणं लागून महिन्याभरात भिंती काळवंडल्या आणि त्याला सगळं पुन्हा रंगवून घ्यावं लागलं. नवा पैसा भिंतीवर कसा दिसतो, याचं हे दोन हजार वर्षांपूर्वीचं उदाहरण.

सगळ्यात वापरला गेलेला निळा रंग मात्र नीळ नव्हे. वाळू, चुना, तांबं आणि क्षार एकत्र भाजून केलेला इजिप्ती निळा रोमन भिंतींवर सर्रास दिसतो. या रंगाचा एक गुण आज अभ्यासकांच्या कामी येतो. त्यावर साधा प्रकाश टाकला तर तो अवरक्त किरण बाहेर टाकतो. त्यासाठी बदल केलेल्या कॅमेऱ्यात, डोळ्यांना राखाडी दिसणाऱ्या तुकड्यावरचे निळ्याचे उरलेले कण चांदण्यांसारखे चमकतात.

पाँपेईत १९३८ मध्ये हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना दासी. ती भारतीय आहे याबद्दल शंका नाही. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती दोन ठिकाणी मिळाल्या: एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि दुसरी तेरला. भोकरदनचं उत्खनन १९७३ मध्ये शां. भा. देव आणि रा. शं. गुप्ते यांनी केलं. भारतीय मालासाठी रोमचे पाच कोटी सेस्टर्स दरवर्षी बाहेर जातात, अशी तक्रार करणारा प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला, ज्याने ही मूर्ती आपल्यासाठी राखून ठेवली.

अजिंठ्याचा गिलावा, घरचा गिलावा

मग आपल्या भिंती? रस्ता वाहता होता त्या सातवाहन काळातली चित्रं आपल्याकडे उरली आहेत, पण घरांत नाहीत, डोंगरात आहेत. अजिंठ्याच्या नवव्या आणि दहाव्या लेण्यातली सर्वांत जुनी चित्रं इसवी सनापूर्वीच्या शतकांतली मानली जातात. पाँपेईत पहिल्या-दुसऱ्या शैलीच्या भिंती रंगत होत्या, त्याच सुमाराला अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात बोधिवृक्षाकडे जाणारा राजपरिवार रंगत होता. अजिंठ्याची प्रसिद्ध चित्रं मात्र नंतरची, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकातली.

अजिंठ्याला बरेच लोक सवयीने फ्रेस्को म्हणतात. ते बरोबर नाही. तिथला गिलावा मुख्यतः मातीचा आहे. लोहयुक्त माती, दगडाचा चुरा, वाळू, भाताचं तूस, गवत आणि झाडांचे तंतू. छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या बेसॉल्टवर हा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला आणि कोरडं झाल्यावर सरसासारख्या चिकट माध्यमात कालवलेले रंग लावले. गेरू, पिवळी माती, काजळ, पांढरी माती, बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळते तशी हिरवी माती. निळा मात्र दूरचा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा. एस. परमशिवन यांनी १९३० च्या दशकात रासायनिक तपासणी करून हे तंत्र मांडलं.

आता ही गिलाव्याची कृती पुन्हा वाचा. माती, वाळू, तूस, तंतू. बीड जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात वाढलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. चिखल करायचा, त्यात भुस्कट घालायचं, पायाने तुडवायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग भिंतीला लिंपायचं. भुस्कटाने माती वाळताना तडकत नाही. वरून पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पोचारा, कधी त्यात थोडी नीळ, खाली हिरमुंजीचा पट्टा. अजिंठ्याच्या कारागिरांनी कुठून तरी अद्भुत मसाला आणला नव्हता. या मुलखात घर बांधणाऱ्यांना जे माहीत होतं, ते त्यांनी फार काळजीपूर्वक केलं.

वेरूळच्या गिलाव्यात तर अंबाडीसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्याच झाडाचे तंतू निघाले. एम. सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते भांगेच्या झाडाचे असल्याचं दाखवलं. भांगेचे तंतू मजबूत असतात आणि कीड त्यांच्या वाटेला फारशी जात नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यातल्या तुसा-गवतावर मात्र किड्यांनी ताव मारला आणि चित्रांचं मोठं नुकसान केलं. गिलाव्यातली एक काडी चित्राचं आयुष्य ठरवते.

‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तल्या ‘चित्रसूत्रा’तही भिंत तयार करण्याची कृती आहे. विटांची पूड, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, बेलाचा गर, चुना. पण अजिंठ्याची भिंत या कृतीला तंतोतंत जुळत नाही, जशी पाँपेईची भिंत व्हिट्रूव्हियसला जुळत नाही. ग्रंथ वेगळा वाचायचा, भिंत वेगळी वाचायची आणि मग दोघांना समोरासमोर बसवायचं.

इटलीचे हात

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला अजिंठा पडला आणि तिथून चित्रांचे हाल सुरू झाले. जेम्स बर्ड याने सतराव्या लेण्यातल्या चक्राच्या चित्रातल्या काही आकृती सोलून काढल्या. मातीचा गिलावा तो, सुटताच त्याची माती झाली. मेजर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षं राबून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ च्या लंडनमधल्या आगीत गेल्या.

तेव्हा अजिंठा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. पैठण, बीड आणि तेरही त्याच संस्थानात. संस्थानाचं पुरातत्त्व खातं १९१४ मध्ये सुरू झालं आणि गुलाम याजदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले गेले. १९२० ते १९२२ या काळात, हिवाळ्यांत, त्यांनी अजिंठ्यात काम केलं. सुटू पाहणारा गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, कडा पक्क्या केल्या, काजळी साफ केली. फ्रेस्कोच्या देशातली माणसं मातीच्या भिंतीपुढे उभी राहिली. त्यांनी ती कोसळू दिली नाही, हे त्यांचं ऋण मान्य करायलाच हवं.

पण रंग पक्के करण्यासाठी त्यांनी चित्रांवर लाखेचा हात दिला. लाख आपलीच, पण काळाने ती पिवळी पडते, आकसते आणि खालचे रंग ओढते. पाहता पाहता चित्रांवर पिवळसर तपकिरी पडदा आला आणि कित्येकांना तोच अजिंठ्याचा मूळ रंग वाटू लागला. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर इंच-इंच करून काढावा लागला. चुन्याच्या भिंतीत रंग दगडात बसलेला असतो. मातीच्या भिंतीवर तो नुसता टेकलेला असतो. एकीचं औषध दुसरीला चालतंच असं नाही.

पांढरी

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. मराठीत गावासाठी एक जुना शब्द आहे, पांढरी. शेत ती काळी, वस्ती ती पांढरी. शेकडो वर्षं मातीची घरं बांधायची, ती पडायची, त्याच मातीवर नवी बांधायची, यातून वस्तीची जमीन उंचावत जाते. राख, शेण, हाडं, पडलेल्या भिंती मिसळून तिची माती फिकट होते. महाराष्ट्रातले पुरातत्त्वज्ञ जुनी गावं शोधताना आधी पांढरीची टेकाडंच पाहतात. नेवासं, पैठण, तेर, सगळीकडे हेच.

म्हणजे पांढरी ही बऱ्याच अंशी पडलेल्या भिंतींचीच बनलेली असते. फक्त त्या ओळखू येत नाहीत. चुन्याचा गिलावा पडला तर तुकडे उरतात, कारण तो दगड झालेला असतो. मातीचा गिलावा पडला, त्यावर पाऊस पडला, की तो पुन्हा माती होतो. त्यावरचा चुन्याचा पातळ हात आणि रंग त्यातच विरतो. अजिंठ्याची चित्रं टिकली ती डोंगराने त्यांच्यावर छप्पर धरलं म्हणून. घरांवर डोंगर नव्हता.

घरांच्या भिंतींचा माग साहित्यात मात्र लागतो. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त एक विरहिणी नवरा गेल्याचे दिवस मोजायला भिंतीवर रेघा ओढते, आणि पहिल्याच दिवशी अर्धा दिवस सरायच्या आत भिंत रेघांनी भरून जाते. हे राजवाड्याचं चित्र नाही. ही याच मुलखातल्या साध्या घराची लिंपलेली भिंत आहे, जिच्यावर बोटाने किंवा कोळशाने रेघ ओढता येते. पाँपेईच्या भिंतींवर लोकांनी खरडलेल्या ओळी आज अभ्यासल्या जातात. आपल्या बाईच्या रेघा पांढरीत मिसळल्या.

म्हणून ‘नव्हतं’ असं म्हणायला आधार नाही. ‘सगळं होतं’ असं म्हणायलाही नाही. एवढं म्हणता येतं की या भागात भिंत लिंपण्याचं आणि रंगवण्याचं पक्कं ज्ञान होतं, त्याचा उत्तम नमुना डोंगरात टिकला, आणि रोजचा नमुना टिकावा अशा पदार्थाचा बनलेलाच नव्हता. उत्खननात मातीच्या भिंतीचा रंगीत थर सापडलाच, तर तो बोटाच्या नखाएवढ्या जाडीचाही नसेल. तो पाहायला तयार असलेली नजर हवी. लुलिंगस्टोनच्या तळघरात ती होती.

पण पांढरीच संपत चालली आहे. तिची माती शेताला खत म्हणून आणि माळवदावर घालायला पिढ्यान् पिढ्या नेली गेली. पूर्वी ती टोपल्याने आणि गाडीने जाई, आता जेसीबी आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीने जाते. टोपल्याने शंभर वर्षांत जेवढं गेलं नसेल तेवढं एका दुपारी जातं. आणि वर उभे असलेले जुने वाडेही पडत आहेत. त्यांच्या भिंतींवर कोनाड्याभोवतीची वेलबुट्टी, देवघरावरचा मोर, दारावरचा गणपती कधी चुन्याच्या तर कधी ऑइलपेंटच्या थराखाली आहे. हा वारसा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला असो की आजोबांच्या काळातला, तो जातोय त्याच वाटेने, ज्या वाटेने तगरच्या भिंती गेल्या.

इथे तुमच्या हातातला फोन कामाचा आहे. जुना वाडा पाडायच्या आधी भिंतीचे सरळ समोरून, चांगल्या उजेडात फोटो काढा. फोटोत एखादी पट्टी किंवा नाणं ठेवा, म्हणजे माप कळेल. खोली कोणती, भिंत कोणत्या दिशेची, हे लिहून ठेवा. गिलाव्याची खपली पडली असेल तर तिची कड पाहा. कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर दिसतील: चुना, नीळ, पुन्हा चुना, हिरमुंजी, आणि सगळ्यात खाली भुस्कटाची माती. प्रत्येक थर म्हणजे एक दिवाळी, एक लग्न किंवा एक वाटणी. ती खपली धुऊ नका, मागची बाजूही टिपून घ्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की माती कुठून आणायचे, त्यात काय घालायचे, किती दिवस मुरवायचे. शेतात किंवा टेकाडावर जुन्या विटा, मणी, खापरं, रंगीत गिलावा दिसला तर आणखी न खणता तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. वस्तू उचलून घरी आणली की ती नुसती वस्तू उरते. जागेवर असते तोवर ती पुरावा असते.

तेरला एका माणसाने आयुष्यभर गावातली खापरं, मणी, मूर्ती जपून ठेवल्या, म्हणून आज तगर हा नुसता ग्रीक पुस्तकातला शब्द राहिलेला नाही. बीडच्या वाटेवरच्या गावांची पांढरी अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. ट्रॉली भरायच्या आधी कुणीतरी ती एकदा नीट पाहायला हवी.